ब्रँच बदलली की रँकचं काय होतं? अमेरिकन फौजेत एका सर्व्हिसमधून दुसरीत जाणाऱ्यांसाठी

आर्मीतून एअर फोर्स, नेव्हीतून कोस्ट गार्ड, मरीनमधून आर्मी, असं जायचं डोक्यात आलं की प्रत्येकजण पहिलं हेच विचारतो, माझी रँक राहणार का? आणि रिक्रूटर पण पटकन "हो हो राहते" म्हणून मोकळा होतो. प्रॉब्लेम असा की रेकॉर्डमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचं नशीब वेगवेगळं असतं. एक म्हणजे पे ग्रेड, म्हणजे पगाराचा स्तर, ई-५, ओ-३ वगैरे (ई म्हणजे एनलिस्टेड, शिपाई ते सार्जंट वर्ग, आणि ओ म्हणजे ऑफिसर). दुसरी डेट ऑफ रँक, म्हणजे त्या ग्रेडला तुम्ही कुठल्या तारखेपासून आहात. तिसरी एकूण सर्व्हिसची वर्षं, ज्यावर पगाराचा कॉलम आणि रिटायरमेंट ठरते. यातली तिसरी जवळजवळ नेहमी सोबत येते, पहिली बऱ्याचदा येते, आणि जी दुसरी आहे ना, तिच्यावरच सगळी सिनिऑरिटी उभी असते आणि नेमकी तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवून टाकू. बाह्यांवरच्या पट्ट्या किंवा रँकचं नाव बघून बरोबरी लावू नका, ग्रेड बघा. आर्मीचा कॅप्टन ओ-३ असतो आणि नेव्हीचा कॅप्टन ओ-६, म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा. आर्मीचा कॅप्टन नेव्हीत गेला तर तो लेफ्टनंट होतो, घरच्यांना वाटतं पोराचं डिमोशन झालं, तसं काही नसतं. खाली पण तेच, स्टाफ सार्जंट हे नाव एअर फोर्समध्ये ई-५ ला आहे आणि आर्मी आणि मरीनमध्ये ई-६ ला. ई-४ ची गंमत तर अजून वेगळी, मरीनचा कॉर्पोरल आणि नेव्हीचा पेटी ऑफिसर थर्ड क्लास हे दोघं ई-४ असून एनसीओ, म्हणजे हाताखाली माणसं सांभाळणारे, मानले जातात, एअर फोर्सचा सीनियर एअरमन पण ई-४ च पण तिथे एनसीओ ई-५ पासून सुरू होतात. म्हणजे मरीन कॉर्पोरल एअर फोर्समध्ये त्याच ग्रेडला गेला, पगार तोच राहिला, तरी हाताखालची माणसं आणि एनसीओचा मान गेला. हे कुठल्या फॉर्मवर लिहून येत नाही पण रोज टोचतं.

बेसिक पेचा तक्ता मात्र सगळ्या ब्रँचना एकच आहे. ग्रेड आणि सर्व्हिसची वर्षं, बस. नेव्हीचा ई-५ सहा वर्षांचा आणि आर्मीचा ई-५ सहा वर्षांचा यांचा बेसिक पे सारखाच.

आता खरा फरक, ऑफिसर आहात की एनलिस्टेड.

ऑफिसर असाल तर

ऑफिसरसाठी सरळ कायदाच आहे. अमेरिकन कायद्यातल्या टायटल १० चं, म्हणजे फौजेबद्दलच्या भागाचं, कलम ७१६. त्यात म्हटलंय की ऑफिसरच्या संमतीने त्याला एका सर्व्हिसमधून दुसरीत ट्रान्सफर करता येतं, आणि ट्रान्सफरनंतर त्याला आदल्या दिवशी जी रँक आणि जो क्रम होता त्यापेक्षा वरचा क्रम देता येत नाही, आणि पगार आणि रिटायरमेंटसाठी आदल्या दिवसापर्यंत जेवढी वर्षं धरली होती तेवढीच धरावी लागतात. जरा नीट वाचा हे, "वरचा देता येत नाही" असं आहे, "तोच द्यायलाच पाहिजे" असं नाही. वर्षांची हमी आहे, क्रमाला फक्त छत आहे. तरी एका दिवसाचाही खंड न पडता रीतसर ट्रान्सफर झाली तर साधारणपणे ग्रेड आणि डेट ऑफ रँक दोन्ही सोबत येतात, आणि नव्या सर्व्हिसच्या अॅक्टिव्ह ड्यूटी लिस्टमध्ये (पूर्णवेळ ऑफिसरांची सिनिऑरिटीची यादी) त्या तारखेनुसार तुम्हाला मध्ये कुठेतरी बसवलं जातं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे माइक हॉपकिन्स. एअर फोर्सचा कर्नल, अंतराळवीर, डिसेंबर २०२० मध्ये स्पेस स्टेशनवर असतानाच त्याने स्पेस फोर्सची शपथ घेतली. कर्नल होता, कर्नलच राहिला. पण स्पेस फोर्सचं प्रकरण जरा लाडाचं होतं हे लक्षात ठेवा, ती सर्व्हिस २० डिसेंबर २०१९ ला जन्माला आली आणि तिला माणसं हवीच होती, त्यामुळे अख्खी युनिट्सच्या युनिट्स पलीकडे नेली, त्यातल्या लोकांनी ग्रेडची चिंता करायचं कारण नव्हतं. १९४७ ला आर्मी एअर फोर्सेसची वेगळी एअर फोर्स झाली तेव्हा पण असंच झालं होतं. तुम्ही एकटे, आपल्या मर्जीने जाताय तेव्हा ही वागणूक गृहीत धरू नका.

दोन ओ-३ समोरासमोर आले तर सीनियर कोण? ज्याची डेट ऑफ रँक आधीची तो. कुठल्या ब्रँचचा आहे याने फरक पडत नाही, आर्मी जुनी म्हणून आर्मीवाला मोठा असं काही नसतं. कलम ७४१ मध्ये सर्व्हिसेसच्या रँकची बरोबरी आणि हा तारखेचा नियम दोन्ही आहेत. तारीख पण एकच निघाली तर मागच्या ग्रेडची तारीख वगैरे बघत खाली जातात, ते डिफेन्स डिपार्टमेंटच्या १३१०.०१ या इन्स्ट्रक्शनमध्ये आहे.

मग ऑफिसरला धोका कुठे आहे? प्रमोशन बोर्डात. तारीख तीच राहिली तरी रांग बदलते. डिपार्टमेंटचं ढोबळ टार्गेट असं की ओ-४ साधारण १० वर्षांच्या आसपास, ओ-५ १६ च्या, ओ-६ २२ च्या आसपास, पण प्रत्येक सर्व्हिस आपापल्या गरजेप्रमाणे पुढेमागे करते. समजा एक मुलगी नेव्हीत लेफ्टनंट आहे, आठ-नऊ वर्षं झालीत, आर्मीत कॅप्टन म्हणून आली. तिची डेट ऑफ रँक जुनी, म्हणजे ती आर्मीत आल्या आल्या मेजरच्या (ओ-४) झोनमध्ये, म्हणजे प्रमोशनसाठी विचार होणाऱ्यांच्या गटात, येऊ शकते. ऐकायला छान वाटतं, पण बोर्ड तिची फाईल उघडणार तेव्हा त्यात आर्मीचे इव्हॅल्युएशन रिपोर्ट किती असणार, एक किंवा शून्य. कंपनी कमांड? नाही केलेली. कॅप्टन्स करिअर कोर्स? अजून व्हायचाय. तिच्यासोबत ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडे हे सगळं आहे. आणि ओ-३ ला ओ-४ साठी दोनदा नापास झालं की साधारणपणे बाहेरचा रस्ता. म्हणून उलटं वाटेल पण माझं स्पष्ट मत आहे, ऑफिसरने ब्रँच बदलायची तर लवकर बदलावी, ओ-२ किंवा नुकतंच ओ-३ झाल्यावर, आणि झोन दोन वर्षांवर आलेला असेल तर आधी नव्या सर्व्हिसच्या पर्सोनेल ऑफिसला विचारावं की माझी तारीख घेऊन मी नेमका कोणत्या वर्षीच्या बोर्डासमोर येणार. उत्तर लेखी मागा, ईमेल चालेल.

डॉक्टर, वकील, चॅप्लेन यांचं थोडं वेगळं असतं, त्यांना शिक्षणाचं कन्स्ट्रक्टिव्ह क्रेडिट मिळालेलं असतं आणि त्यांचे बोर्ड वेगळे असतात, त्यामुळे त्यांची उदाहरणं ऐकून साध्या लाईन ऑफिसरने हिशोब लावू नये.

वॉरंट ऑफिसरचा पेच

वॉरंट ऑफिसर म्हणजे एनलिस्टेड आणि ऑफिसर यांच्या मधला, एका कामातला तज्ज्ञ. हा छोटा गट आहे पण सगळ्यात जास्त अडकतो, कारण पलीकडे ग्रेडच नसू शकतो. स्पेस फोर्समध्ये वॉरंट ऑफिसर नाहीतच. एअर फोर्सने १९५९ नंतर नेमणूकच बंद केली होती आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केली, ती पण आयटी आणि सायबरपुरती. म्हणजे आर्मीचा हेलिकॉप्टर उडवणारा चीफ वॉरंट ऑफिसर एअर फोर्समध्ये उडवायला जायचं म्हणाला तर त्याला कमिशन घेऊन ओ-१ पासून यावं लागतं. कागदावर वर गेला, कॉकपिटमधला अनुभव मात्र रँकमध्ये मोजला गेला नाही. पगाराचं तेवढं नुकसान होत नाही कारण चार वर्षांपेक्षा जास्त एनलिस्टेड किंवा वॉरंट सर्व्हिस असलेल्यांना ओ-१ई ते ओ-३ई हे वेगळे, जास्त पगाराचे कॉलम लागतात. उलट दिशेने येणारे भरपूर असतात, मरीन, नेव्ही, एअर फोर्सचे एनसीओ आर्मीत वॉरंट ऑफिसर व्हायला येतात, आर्मी स्वतःच बोलावते.

एनलिस्टेड असाल तर इथे नीट लक्ष द्या

एनलिस्टेडसाठी ७१६ सारखं कलम नाही. इथे खऱ्या अर्थाने ट्रान्सफर फार क्वचित होते, बहुतेक वेळा तुम्ही एका सर्व्हिसमधून डिस्चार्ज होता आणि दुसरीत प्रायर सर्व्हिस, म्हणजे आधी फौजेत नोकरी केलेला, म्हणून नव्याने भरती होता. नव्याने भरती म्हणजे ग्रेड किती द्यायचा ते नवी सर्व्हिस आपल्या नियमांनी ठरवते. आर्मीचं एआर ६०१-२१० हे रेग्युलेशन आहे, नेव्ही तर तुम्हाला सरळ वेगळं लेबलच लावते, आपले जुने ते नॅव्हेट आणि दुसऱ्या सर्व्हिसचे ते ऑसव्हेट, आणि ऑसव्हेटला दारात जास्त प्रश्न विचारले जातात.

ग्रेड ठरताना काय काय बघतात? तुमचा जुना जॉब नव्या सर्व्हिसमध्ये तसाच आहे का. त्या जॉबमध्ये तुमच्या ग्रेडची जागा रिकामी आहे का. मध्ये गॅप किती पडली. मेकॅनिक मेकॅनिक म्हणूनच गेला आणि जागा असली तर ई-५ चा ई-५ राहायची शक्यता चांगली. पण इन्फंट्रीतला ई-५ एअर फोर्समध्ये जाऊन एकदम नवीन ट्रेड शिकणार असेल तर ते म्हणतात बाबा तू सार्जंट आहेस खरं पण या कामातलं तुला ओ की ठो कळत नाही, तुझ्या हाताखाली आम्ही कोण द्यायचं. मग ग्रेड खाली येतो, किंवा ग्रेड राहतो पण टेक स्कूलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसोबत बाकावर बसावं लागतं. गॅप जितकी मोठी तितका सौदा वाईट.

ट्रेनिंगचं पण विचारून घ्या. मरीन कॉर्प्स दुसऱ्या सर्व्हिसचं बूट कॅम्प, म्हणजे भरतीनंतरचं बेसिक ट्रेनिंग, मानत नाही, तिथे जायचं म्हणजे पुन्हा पॅरिस आयलंड किंवा सॅन डिएगोचं मरीन ट्रेनिंग सेंटर. मरीनमधून दुसरीकडे जाणाऱ्याला मात्र सहसा परत बेसिक करावं लागत नाही. कोस्ट गार्डकडे आधीच्या सर्व्हिसवाल्यांसाठी केप मे इथल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये डेपो नावाचा छोटा कोर्स आहे.

आता डेट ऑफ रँक. एनलिस्टेडमध्ये तिचं तीनपैकी काहीतरी एक होतं, जुनी तारीख तशीच मिळते, किंवा गॅपचे दिवस वजा होऊन पुढे सरकते, किंवा सरळ नव्या भरतीची तारीख लागते. तिसरं झालं तर तुम्ही चार वर्षांचे ई-५ असून रेकॉर्डवर आजचे ई-५ होता, प्रमोशनसाठीचा टाइम इन ग्रेड शून्यापासून मोजायला लागतात आणि कालच प्रमोशन झालेला पोरगा तुमच्यापेक्षा एक दिवसाने सीनियर ठरतो.

आणि हे बघा, एक सापळा आहे जो कोणी सांगत नाही. बहुतेक सर्व्हिसमध्ये ग्रेडनुसार वर्षांची मर्यादा असते, नेव्ही आणि एअर फोर्स त्याला हाय इयर टेन्युअर म्हणतात, आर्मी रिटेन्शन कंट्रोल पॉइंट म्हणते. त्या ग्रेडला इतक्या वर्षांत वर गेला नाहीत तर घरी. तुमची एकूण वर्षं सोबत येतात हे आपण वर आनंदाने म्हटलं, पण ग्रेड खाली आला आणि वर्षं तीच राहिली तर हे घड्याळ एकदम जवळ येतं. पगाराच्या तक्त्यात पण तसंच, ई-४ चा बेसिक पे सहा वर्षांनंतर वाढत नाही, ई-५ चा बारानंतर. म्हणजे आठ वर्षांचा ई-५ खाली ई-४ वर आला तर ग्रेडचा फरक तर गेलाच, पण वर्षांमुळे होणारी वाढ पण थांबली, जोवर परत ई-५ होत नाही तोवर वर्षाची सरकारी पगारवाढ सोडून काही नाही. नव्या सर्व्हिसची मर्यादा तुमच्या ग्रेडला किती आहे ते सही करायच्या आधी काढा.

रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अर्धवेळ फौजेत, जाणार असाल तर सगळं रिकाम्या जागेवर अवलंबून. त्या युनिटमध्ये ई-६ ची खुर्ची रिकामी असेल तर ई-६, नसेल तर एकतर थांबा नाहीतर खालचा ग्रेड घ्या. तासभर गाडी चालवून पुढच्या युनिटला विचारा, तिथे असू शकते.

कागदपत्रं, या क्रमाने

पहिला अडथळा कंडिशनल रिलीज, डीडी फॉर्म ३६८. तुमची आताची सर्व्हिस लिहून देते की हा माणूस तुम्ही घेतलात तर आम्ही सोडू. हा नसेल तर नवा रिक्रूटर पुढे काही करू शकत नाही. अॅक्टिव्ह ड्यूटीची चार वर्षं संपली म्हणजे मी मोकळा असं पण समजू नका, पहिल्या भरतीचं बंधन साधारण आठ वर्षांचं असतं आणि उरलेली वर्षं तुम्ही इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्हमध्ये (घरी असलात तरी गरज पडली तर बोलावता येणाऱ्यांची यादी) असता, तिथून पण हाच फॉर्म लागतो. फॉर्मवर मुदत असते, ती संपायच्या आत नवी भरती झाली पाहिजे, नाहीतर परत पहिल्यापासून. ज्या ट्रेडमध्ये माणसं कमी आहेत त्यांचे रिलीज सरळ नाकारतात, त्यात वैयक्तिक काही नसतं. बोनस घेतला असेल आणि त्याची मुदत बाकी असेल तर न कमावलेला भाग परत मागू शकतात, तो आकडा आधी फायनान्सकडून काढून ठेवा.

दुसरं डीडी २१४, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा सर्व्हिसचा दाखला. हातात आल्या आल्या बॉक्स ४ बघा, ४ए मध्ये रँक आणि ४बी मध्ये पे ग्रेड. मग बॉक्स १२, त्यात या वेळची अॅक्टिव्ह सर्व्हिस, आधीची अॅक्टिव्ह, आधीची इनॅक्टिव्ह असे वेगवेगळे आकडे असतात आणि शेवटी पे ग्रेड लागू झाल्याची तारीख. बॉक्स २७ मध्ये री-एंट्री कोड, परत घेता येईल की नाही ते त्यावर अवलंबून. बॉक्स १२ मधली ग्रेडची तारीख आणि तुमची खरी डेट ऑफ रँक कधीकधी वेगळ्या असतात, म्हणून २१४ वर भागवू नका, प्रत्येक प्रमोशनची ऑर्डर स्कॅन करून ठेवा, सीएसी कार्ड (फौजेचं ओळखपत्र, त्यावरच सिस्टीम उघडते) चालू आहे तोवर सगळं उतरवून घ्या, नंतर सिस्टीममध्ये शिरताच येत नाही आणि मग आर्काइव्ह्जकडे अर्ज करून वाट बघत बसा. नॅशनल गार्डवाल्यांना एनजीबी फॉर्म २२, म्हणजे गार्डमधल्या सर्व्हिसचा दाखला, पण लागेल.

तिसरं कॉन्ट्रॅक्ट, डीडी फॉर्म ४. त्यातच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की याखेरीज कोणी काही कबूल केलं असेल तर ते वैध नाही आणि पाळलं जाणार नाही. म्हणजे रिक्रूटरने "ई-५ पक्कं, डेट पण जुनीच लागेल" म्हटलं आणि कागदावर ई-४ असेल तर ई-४. ग्रेड कॉन्ट्रॅक्टवर दिसतो, डेट ऑफ रँक बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून ग्रेड डिटर्मिनेशनचा, म्हणजे ग्रेड कसा ठरवला त्याचा, जो कागद निघतो त्याची कॉपी मागा आणि त्यात तारीख काय धरलीय ते विचारा. रिक्रूटर वैतागेल, वैतागू दे. आणि शक्य असेल तर साध्या रिक्रूटरऐवजी प्रायर सर्व्हिस बघणारा माणूस शोधा, ज्याने आयुष्यभर फक्त हायस्कूलची पोरं भरती केलीत त्याला हे नियम पाठ नसतात.

रिटायरमेंटबद्दल थोडक्यात, कारण इथे वाईट बातमी नाही. वीस वर्षं मोजताना सगळ्या ब्रँचची अॅक्टिव्ह वर्षं एकत्र धरतात. तुम्ही कुठल्या पेन्शन योजनेत आहात हे फौजेत पहिल्यांदा कधी आलात त्या तारखेवर ठरतं, त्या तारखेला डीम्स म्हणतात आणि ती ब्रँच बदलल्याने बदलत नाही. १ जानेवारी २०१८ पासून आलेले ब्लेंडेड रिटायरमेंट या नव्या योजनेत, आधीचे जुन्या योजनेत, किंवा ज्यांनी त्यावेळी ब्लेंडेड निवडलं ते त्यात. शिल्लक रजेचं मात्र बघा, डिस्चार्ज होऊन जात असाल तर रजा विकता येते पण अख्ख्या करिअरमध्ये मिळून ६० दिवसच, आता सगळी विकली तर शेवटी हात रिकामे.

पोचल्यावर

पहिली एलईएस, म्हणजे पगाराची स्लिप, आली की पगाराचा आकडा बघायच्या आधी वरची ओळ बघा. ग्रेड, त्याच्या शेजारी पे डेट, त्याच्या शेजारी सर्व्हिसची वर्षं. पे डेट जर नव्या भरतीची तारीख दाखवत असेल तर तुमची जुनी वर्षं सिस्टीममध्ये चढलीच नाहीत, तुम्ही शून्य वर्षांच्या कॉलमात बसलात. हे फार होतं कारण जुन्या आणि नव्या सर्व्हिसच्या सिस्टीम एकमेकांशी बोलत नाहीत, कोणीतरी हाताने टाईप करतं. लगेच २१४ घेऊन फायनान्सकडे जा, हे सुधारायला सोपं आहे आणि फरक मागच्या तारखेपासून मिळतो.

डेट ऑफ रँक एलईएसवर नसते, ती पर्सोनेल रेकॉर्डमध्ये बघावी लागते. चुकली असेल तर आधी आपल्या पर्सोनेल ऑफिसमधून प्रयत्न करा, प्रमोशन ऑर्डर दाखवा, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर प्रत्येक सर्व्हिसचं रेकॉर्ड सुधारणारं बोर्ड असतं, त्यांना डीडी फॉर्म १४९ भरून अर्ज करायचा. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत करायचा असतो, उशीर झाला तर बोर्ड माफ करू शकतं पण कारण द्यावं लागतं. अर्जाला प्रमोशन ऑर्डर, २१४, ग्रेड डिटर्मिनेशन आणि लेखी उत्तराचे जे ईमेल असतील ते जोडा, बोर्ड तुमचं म्हणणं ऐकायला तुम्हाला समोर बोलावेलच असं नाही, बहुतेक निर्णय कागद बघूनच होतात.